तिसऱ्या कमानीखालची वाळू

कासवबाई हे नाव तिला भावोजींनी ठेवलं. वन्यजीव खात्याच्या कंत्राटी नोकरीवर ती त्या नदीकाठच्या शहरात आली आणि थोरल्या बहिणीच्या घरी, वरच्या खोलीत राहू लागली. पहिल्याच आठवड्यात गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून ती जेवायला आली आणि जेवता जेवता कासवांबद्दल इतकं बोलली की भावोजी ताईला म्हणाले, "तू म्हणालीस बहीण येणार आहे. ही तर कासवबाई आलीय." भावोजींचा धंदा दुधाचा. सकाळी गाडी घेऊन पलीकडच्या गोठ्यांवरून दूध आणायचं आणि घरोघर घालायचं. त्यामुळे ते नावही दुधाबरोबर दारोदार पोचलं. महिन्याभरात बाजारातला भाजीवालासुद्धा तिला विचारायला लागला, "काय कासवबाई, आज अंडी मिळाली का?"

तिला राग यायचा नाही. लहानपणापासून तिला चिडवून घ्यायची सवय होती. आई लवकर गेली, ताईनेच तिला वाढवलं, वेणी घालता घालता टपल्या मारल्या, शाळेत सोडलं, कॉलेजला पाठवलं. ताई स्वतः मात्र शिकली नाही. त्या गोष्टीचा उच्चार दोघींपैकी कुणीच कधी केला नव्हता.

तिचं काम होतं आराखडे करण्याचं. एखादं जनावर संपत आलं की ते कुठे उरलंय, कशामुळे मरतंय, ते थांबवायला कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत, हे सगळं ठरवून घ्यायचं. कासवं शोधण्यात तिचा जेमतेम निम्मा वेळ जायचा. उरलेला वेळ माणसांच्या मागे फिरण्यात जायचा. मासेमारांना बोलवा, वाळू काढणाऱ्यांना बोलवा, नगरपालिकेच्या लोकांना बोलवा, सगळ्यांना एका खोलीत बसवा, चहा पाजा, आणि ते एकमेकांच्या अंगावर धावून जाण्याआधी त्यांच्याकडून काहीतरी कबूल करून घ्या. या कामात तिचा हातखंडा होता. माणसं तिच्यासमोर भांडायची, पण उठून जायची नाहीत.

इथे तिची कासवं होती जुन्या दगडी पुलाखाली. मऊ पाठीची, परातीएवढी मोठी कासवं. एकेकाळी नदीभर असायची म्हणे. आता उरली होती ती पुलाच्या खांबांमागे पाण्याने कोरून काढलेल्या खोल डोहात. तिसऱ्या कमानीखाली वाळूचा एक उंचवटा होता, तिथे माद्या चढून येत आणि अंडी घालत. नदीच्या दोन्ही अंगांना दुसरीकडे कुठेही अशी कोरडी वाळू राहिलेली नव्हती, सगळी उपसून नेलेली.

आणि पूल आजारी होता. कुणी बांधला हे कुणाला नक्की ठाऊक नव्हतं, पण पाच कमानींचा, चुन्यात बसवलेला, कठड्यावर दगडी कमळं कोरलेला तो पूल शहराच्या प्रत्येक फोटोत असायचा. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या कमानीला तडे गेले होते. पुरातत्त्व खात्याने त्याच्या दुरुस्तीसाठी एक अभियंता पाठवला होता. निवृत्तीला आलेला, बारीक अंगाचा, सावकाश बोलणारा माणूस. तड्यांवर त्याने काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या होत्या. तडा हलला की पट्टी तडकणार, म्हणजे आपल्याला कळणार. रोज सकाळी येऊन तो त्या पट्ट्या बघायचा.

अडचण अशी होती की दुरुस्तीसाठी डोह बांध घालून आटवावा लागणार होता आणि यंत्रं उतरवायला जागा एकच होती, तो वाळूचा उंचवटा. आणि तो त्या वेळी अंड्यांनी भरलेला होता.

तिने बैठक बोलावली. नगरपालिकेच्या सभागृहात, पंख्यांच्या घरघरीत, सगळे आले. तिचे साहेब होते, अभियंता होता, मासेमार होते, व्यापारी होते.

"अंडी उचलून दुसरीकडे पुरता येत नाहीत का?" अभियंत्याने विचारलं. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती.

"एकदा आत पिल्लू धरलं की अंडं उलटंसुलटं झालेलं चालत नाही. आत मरतं ते. दुसऱ्या नदीवर करून पाहिलं होतं, हाताला फारसं काही लागलं नाही."

"मग?"

"पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबायचं. दोन महिने. मग डोह तुमचा."

"दोन महिन्यांनी काम सुरू केलं तर पाणी चढायच्या आत मी जेमतेम आधार देऊ शकेन. पुरी दुरुस्ती पुढच्या वर्षावर जाईल." त्याने चष्मा काढून पुसला. "पण वाहतूक पूर्ण बंद केलीत तर पूल थांबेल. त्याच्यावर वजन नको."

व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केला, कारण पूल बंद म्हणजे शहराबाहेरच्या मोठ्या पुलावरून लांबचा वळसा. पण ती बधली नाही, बोलत राहिली, एकेकाला समजावत राहिली. शेवटी ठरलं. पुलाच्या दोन्ही टोकांना दगडी ठोकळे टाकायचे, चालणाऱ्यांना वाट ठेवायची, आणि दोन महिन्यांनी काम सुरू. साहेब जाता जाता तिला म्हणाले, "पुलवाले आणि प्राणीवाले एका आराखड्यावर राजी झाले, असं मी तरी पहिल्यांदाच पाहतोय." त्या दिवशी ती घरी आली ती हवेतच. भावोजींनी तिच्यासाठी खरवस ठेवला होता.

"माझ्या डिझेलवर पोसली जाणार आता तुझी कासवं," ते म्हणाले. पण हसत म्हणाले.

ठोकळे टाकले गेले. आठ दिवसांनी पलीकडच्या टोकाचा एक ठोकळा कुणीतरी थोडा सरकवला. छोटी गाडी जाईल एवढाच. सगळ्यांना ते दिसत होतं आणि सगळे तिकडे कानाडोळा करत होते. तिने वरती तक्रार केली, माणसं येऊन ठोकळा जागेवर ढकलून गेली, दोन दिवसांत तो पुन्हा सरकला. मग भावोजी फेरीवरून पूर्वीसारखे लवकर परतायला लागले.

"भावोजी, तुम्ही पुलावरून येता का?"

भावोजी हात धूत होते. त्यांनी मान वळवली नाही. "भरलेली गाडी लांबूनच आणतो. शप्पथ. रिकामे डबे परत द्यायला जातो, तेव्हा फक्त. रिकाम्या गाडीचं काय वजन असतंय?"

"नका जाऊ."

"बरं."

ताई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "अगं, त्यांची कंबर धरते एवढ्या लांबच्या रस्त्याने. रोज दोन-दोन वेळा." कासवबाईने ताट पुढे ओढलं. त्यांच्या घरात राहायचं, त्यांच्या ताटात जेवायचं आणि त्यांच्याच धंद्यावर पहारा ठेवायचा, हे तिला जड गेलं. बाहेर ती कुणालाही सुनावायची. घरात मात्र तिचा आवाज फुटायचा नाही.

अंडी फुटायला थोडेच दिवस उरले होते. घरट्यांवर तिने तारेच्या जाळ्या लावल्या होत्या, कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून, आणि प्रत्येक जाळीशेजारी लाल चिंधी बांधलेली काठी. एका मंगळवारी अभियंत्याचा फोन आला, "जरा पुलावर येता?"

ती गेली. तिसऱ्या कमानीखाली शिडी लावलेली होती. वर चढून त्याने बोट ठेवून दाखवलं. काचेची पट्टी मधोमध तडकली होती.

"म्हणजे किती वाईट?"

"हललाय. फार नाही, पण हललाय." तो शिडीवरून उतरला आणि हातावरचा चुना झटकत उभा राहिला. "माझं ऐकाल तर उद्याच टेकू लावायला घ्यावेत. म्हणजे यंत्रं आत आणावी लागतील."

ती वाळूकडे बघत राहिली. इतके महिने तिने राखलेली ती वाळू होती. थोडेच दिवस. रोज सकाळी ती पोटावर पडून वाळूला कान लावायची.

"थोडे दिवस धरेल का?" तिने विचारलं.

त्याने पुन्हा वर तड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "वजन पडलं नाही तर धरेल."

"मग थांबू या."

"ठोकळे पक्के करायला सांगतो," तो म्हणाला. त्याने सांगितलंही. नगरपालिकेचा माणूस "बघतो" म्हणाला. त्या रात्री जेवताना तिने भावोजींना सांगितलं की तडा वाढलाय, आता अजिबात जायचं नाही. भावोजींनी मान हलवली. पट्टी तडकल्याचं आणि आज काय ठरलं त्याचं ती काही बोलली नाही.

शुक्रवारी सकाळी ती वाळूवरच होती, पुलाबाहेरच्या टोकाला. उन्हं नुकती पुलाच्या कठड्यावर आली होती. वर गाडीचा आवाज झाला, आणि आवाजावरूनच तिने गाडी ओळखली. ती ओरडली की नाही हे तिला नंतर कधीच आठवलं नाही. आधी कमानीच्या डोहाकडच्या बाजूने वाळूसारखा चुना गळला. मग मधले दगड एकेक करून, जणू कुणीतरी हाताने काढून घेतल्यासारखे, निसटले, आणि मग ती बाजू सगळीच खाली आली.

धूळ बसली तेव्हा गाडी डोहाच्या कडेला, तोंड पाण्यात घालून आडवी पडली होती आणि तिच्या मागच्या अंगावर दगडांचा ढीग. दुधाचे रिकामे डबे पाण्यावर तरंगत, एकमेकांवर आपटत लांब चालले होते.

ती पाण्यात शिरली. भावोजी जिवंत होते. स्टिअरिंग छातीशी रुतलेलं, पाणी कमरेपर्यंत. तिने त्यांच्या मानेखाली हात घातला.

"डबे गेले का वाहून?" त्यांनी विचारलं.

"नाही. लोक गोळा करतायत."

"ताईला सांगू नको."

माणसं धावत आली, हातांनी दगड उपसायला लागली, पण कमानीचे ते दगड चार-चार माणसांना हलत नव्हते. रस्त्याच्या कामावरची क्रेन कुणीतरी घेऊन आलं. ती काठावर येऊन थांबली. खालची वाळू ओली होती, चालकाने एक चाक घातलं आणि ते लगेच रुतायला लागलं. अभियंताही पोचला होता. पायांत चपला नव्हत्या त्याच्या. क्रेन पेलेल अशी कोरडी, दबलेली जमीन एकच होती. त्याला ते दिसत होतं, तिलाही दिसत होतं. तो तिच्याकडे बघत राहिला.

तिने भावोजींची मान एका मासेमाराच्या हातात दिली आणि पाण्यातून बाहेर आली.

"इकडून घ्या," ती चालकाला म्हणाली. "या उंचवट्यावरून. थांबा जरा, जाळ्या चाकात अडकतील."

आणि मग ती स्वतः जाळ्या उपटायला लागली. एकेक काठी, एकेक जाळी, उपटून बाजूला फेकत ती पुढे गेली आणि क्रेन तिच्या मागून आली. मागे तिने वळून पाहिलं नाही. पाहण्याची गरजही नव्हती, चाकांखालचा आवाज ऐकू येत होता.

भावोजींना बाहेर काढलं तेव्हा ते बोलायचे थांबले होते, पण श्वास चालू होता. इस्पितळ नदीच्या पलीकडे होतं. पूल नव्हता, म्हणून रुग्णवाहिकेला त्याच लांबच्या वळशाने जावं लागलं. कासवबाई आत त्यांच्या पायाशी बसली होती. अर्ध्या वाटेवर, एका पेट्रोल पंपाशी, बरोबरच्या नर्सने भावोजींच्या मनगटावरचा हात काढून घेतला आणि चालकाला म्हणाली, "आता सावकाश चला."

पुढचे दिवस घरात माणसांची रीघ होती. तेराव्या-चौदाव्या दिवशी कुणाच्या तरी तोंडून ताईला त्या काचेच्या पट्टीचं कळलं. घर रिकामं झाल्यावर तिने बहिणीला स्वयंपाकघरात बोलावलं. स्वतः ओट्याला टेकून उभी राहिली.

"ती पट्टी तडकल्याचं तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आणि तू काय ठरवलंस?"

कासवबाईला खोटं बोलता आलं असतं. ठरवणारे दोघं होते, असंही म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. "थांबायचं," ती म्हणाली.

"कशासाठी?"

"अंडी फुटायची होती."

ताईने मान डोलावली, जशी ती हिशोब जुळल्यावर डोलवायची. "मला एवढं तरी सांगायचंस. त्यांना मी बांधून घातलं असतं." मग तिने ओढणी सारखी केली. "वरची खोली रिकामी कर."

तिने खोली रिकामी केली. एका बॅगेत मावेल एवढंच सामान होतं. कचेरीच्या मागच्या बाजूला एक खोली मिळाली, तिथे ती राहायला गेली. वाळू उकरून तिने न फुटलेली काही अंडी शोधली होती. हातात घेतानाच तिला माहीत होतं, तरी ती तिने वाळू भरलेल्या बादलीत ठेवली आणि कचेरीच्या व्हरांड्यात सावलीला ठेवून दिली. त्यांतलं एकही फुटलं नाही. वास यायला लागल्यावर शिपायाने तिला न विचारता बादली रिकामी केली.

चौकशी झाली. साहेबांनी समितीपुढे सांगितलं की आराखडा बाईंचा होता. अभियंत्याने उभं राहून सांगितलं की पूल धरेल हे मत त्याचं होतं, आणि ते चुकलं. ठोकळा कुणी सरकवला हे कुणालाच आठवेना. शिक्षा कुणालाच झाली नाही. शहराने मात्र आपला निकाल आधीच देऊन टाकला होता. ज्या बाजारात तिला हसून हाका मारायचे, तिथे आता ती आली की बोलणं थांबायचं. कासवबाई हा शब्द तोच राहिला, पण बायका तो पुटपुटून म्हणायला लागल्या.

मग उरलेला पूल पाडून सिमेंटचा नवा बांधायचं ठरलं. त्यासाठी सभा झाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती गेली. अभियंता तिच्या शेजारी येऊन बसला. तीन कमानी अजून भक्कम आहेत, त्या राखून मधला भाग नव्याने बांधता येईल, हे त्याने नकाशे दाखवून सांगितलं. कुणी ऐकत नव्हतं. मग ती उठली. डोह आहे तो या जुन्या खांबांमुळे, ती म्हणाली. खांब गेले तर डोह गाळाने भरेल, आणि कासवं जातील.

मागून एक जण शांतपणे म्हणाला, "बाई, तुमच्या घरचा माणूस गेला. अजून कासवंच?"

ती खाली बसली. ठराव मंजूर झाला. बाहेर पायऱ्यांवर अभियंत्याने तिला विचारलं, "आज तुम्ही का आलात?"

"आले नसते तर काय केलं असतं?" ती म्हणाली. ते दोघं थोडं अंतर बरोबर चालले. त्याने नंतर मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि तो शहर सोडून गेला.

जुन्या कमानी सुरुंगाने पाडल्या. पुढच्या हंगामात ती रोज काठावर जाऊन बसायची. एकदाच तिला एक मोठी मादी दिसली. पाण्यातून वर आली, दगडांच्या राडारोड्यावर चढली, मान उंच करून इकडेतिकडे फिरली, दोन ठिकाणी पायांनी उकरायला गेली, तिथे सिमेंटचा चुरा होता. बऱ्याच वेळाने ती पाण्यात परतली. त्यानंतर डोह इतका उथळ झाला की मुलं त्यात क्रिकेटचा चेंडू शोधायला उतरायची.

खात्याने तिचं कंत्राट तोडलं नाही, कारण त्या पगारात दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. नदीच्या वरच्या अंगाला एका खेड्याशी दुसरा एक डोह होता. तिथे मासेमारांनी कासवं पाहिली असं तिच्या कानावर आलं, आणि ती तिकडे जाऊ लागली. एस.टी. मधल्या फाट्यापर्यंत सोडायची, पुढे चालत.

अशीच एका सकाळी ती रस्त्याच्या कडेने चालली होती. मागून एक गाडी आली आणि पुढे जाऊन थांबली. दुधाची गाडी होती, नवी, पण रंग तोच. गाडी चालवत होती ताई. ताई गाडी शिकली हे तिने ऐकलं होतं, पाहिलं मात्र नव्हतं. केस पांढरे झाले होते, आणि स्टिअरिंग तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

दार आतून उघडलं गेलं. कासवबाई चढून बसली. मागे भरलेले डबे डचमळत होते.

"किती उरलीत?" ताईने विचारलं. नजर रस्त्यावरच.

"दोन पाहिली. जास्त असतील, नसतीलही."

"मग काय करणार?"

"तिथल्या लोकांना बसवायचंय एकत्र. वाळू उपसायची थांबली तर काही होईल."

"आणि नाही थांबली तर?"

"तर नाही."

खेड्याच्या वळणाशी ताईने गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं.

"मी तुला माफ केलेलं नाहीये," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"परतीची एस.टी. किती वाजता असते?"

"चारला. कधी येते, कधी येत नाही."

ताई समोर बघत राहिली. "मी दुपारी याच रस्त्याने रिकामी येते," ती म्हणाली. "इथे उभी असलीस तर थांबेन."

कासवबाई उतरली. शाळेच्या ओसरीवर सहा माणसं बसली होती, त्यांतले दोघे नुसतेच बघायला आलेले. तिने पायातल्या चपला काढल्या, त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि नदीचा नकाशा उलगडला.